मामांच्या विहिरीचा निळा रंग

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मामा मी पाणी तपासते त्या लॅबवर आले, ते कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली काखोटीला मारून. नाशिकच्या अंबडला आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे आधी दहा मिनिटं त्यावर बोलून झालं. मग बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

"विहिरीचं पाणी आहे. हलवून बघ."

हलवली. वर दोन बोटं फेस आला आणि बराच वेळ बसेना. मामा खुर्चीत मागे टेकले. वाद जिंकलेला माणूस टेकतो तसे.

वाद असा. मामांची निफाड तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग. बांधाला लागून नाला आणि नाल्यापासून चाळीसेक पावलांवर विहीर. दोन वर्षांपूर्वी नाल्याच्या वरच्या अंगाला एकाने गाड्या धुण्याचं सेंटर काढलं. ट्रॅक्टर, पिकअप, हंगामात क्रेट वाहणारे ट्रक, सगळ्यांची आंघोळ तिथे. ते पाणी सरळ नाल्यात. मामांचं म्हणणं, साबण विहिरीत उतरलाय. त्यांना ग्रामपंचायतीत देण्यासाठी कागद हवा होता, आकडा लिहिलेला.

"मामा, बाटली कशी धुतली होती?"

"धुतली म्हणजे? मामीनं भांड्याच्या साबणानं घासून, तीनदा विसळून दिली. लॅबवाल्या भाचीकडे घाण बाटली आणीन का मी?"

मला हसू आवरेना. त्यांना राग आला. पण हसण्याचा अधिकार मला तसा नाहीच. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. सेपरेटिंग फनेल, म्हणजे थर वेगळे करायची खाली कॉक असलेली काचेची भांडी, चकचकीत दिसाव्यात म्हणून लॅबच्या साबणाने घासल्या आणि पुढचे तीन दिवस ब्लँक निळा येत राहिला. ब्लँक म्हणजे ज्यात काही नाही असं शुद्ध पाणी. त्यातच रंग येतोय म्हणजे चोर घरातलाच. काचेला चिकटलेला साबण डोळ्याला दिसत नाही, तीन पाण्यांनी जातही नाही. तेव्हापासून या तपासणीची भांडी आम्ही वेगळी ठेवतो. ती आम्लाने धुतो आणि मग गरम पाण्याने. साबण मोजायच्या भांड्याला साबण लावायचा नाही, हे नवीन मुलामुलींना सांगितलं की त्यांना आधी विनोद वाटतो.

तर मामांची बाटली बाद. मी म्हटलं, रविवारी मीच येते.

ही तपासणी नेमकी काय असते, ते मला बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगते.

कपड्यांची पावडर, भांड्यांचं लिक्विड, गाडीचा शाम्पू यांत जे मुख्य काम करतं, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. रेणूला लांब तेलकट शेपूट आणि पाण्यात रमणारं डोकं. शेपूट मळात रुततं, डोकं पाण्याकडे ओढतं, मळ सुटतो. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त पावडरींत या डोक्यावर ऋण भार असतो, म्हणून ते ॲनायनिक. पाण्यात ते विरघळले की नुसत्या डोळ्याला काही दिसत नाही. रंग नाही आणि थोडं असेल तर फेसही नाही. मग उजेडाने मोजायचं कसं? ज्याला रंग नाही, त्याला रंग लावायचा.

रंग म्हणजे मेथिलीन ब्लू. १८७६ मध्ये जर्मनीत हाइनरिख कारोने बनवलेला. कापड रंगवायला निघालेला हा रंग पुढे सूक्ष्मदर्शकाखाली जंतू रंगवायला लागला आणि १८९१ मध्ये पॉल एर्लिखने तो मलेरियाच्या रुग्णांनाही देऊन पाहिला. माझी आई याला 'तुमची नीळ' म्हणते. धोतरांना घालायच्या निळीशी याचं नातं फक्त रंगापुरतं, पण मी दुरुस्त करत नाही.

मेथिलीन ब्लूच्या रेणूवर धन भार असतो. तो पाण्यात राहतो, क्लोरोफॉर्ममध्ये एकटा जात नाही. ॲनायनिक सर्फॅक्टंटवर ऋण भार. दोघं भेटले की भार फिटतो आणि ती जोडी पाणी सोडून क्लोरोफॉर्ममध्ये उतरते. क्लोरोफॉर्म पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड, त्यामुळे फनेलमध्ये तो तळाला बसतो. हलवून, थांबून, कॉक सोडून खालचा थर काढून घ्यायचा. त्यात जितका निळा रंग, तितका सर्फॅक्टंट. पहिल्यांदा हे घडताना बघणाऱ्याचा चेहरा मला आवडतो. वरचं पाणी निळंशार, खालचा क्लोरोफॉर्म पाण्यासारखा, आणि हलवून ठेवल्यावर खालीही निळाई उतरलेली.

मग स्पेक्ट्रोफोटोमीटर. निळी वस्तू निळी दिसते, कारण ती तांबडा उजेड गिळते. म्हणून निळा रंग मोजायला तांबडा उजेड सोडायचा, ६५२ नॅनोमीटरचा. क्युव्हेटमधून, म्हणजे द्रावण ठेवायच्या छोट्या पारदर्शक भांड्यातून, किती उजेड आरपार गेला ते यंत्र बघतं. रेणू दुप्पट तर शोषण दुप्पट, हा बिअर-लँबर्टचा नियम. यातला लँबर्ट १७६० चा, बिअर १८५२ चा, आणि त्यांच्याही आधी १७२९ मध्ये बूगेरने हे सांगून ठेवलं होतं, पण नावात तो बहुतेक वेळा गळतो. ज्ञात प्रमाणाची पाच-सहा द्रावणं करून त्यांची रेषा काढायची, मग आपल्या सॅम्पलचं शोषण त्या रेषेवर कुठे बसतं ते वाचायचं.

क्युव्हेट काचेची किंवा क्वार्ट्झची हवी. स्वस्त प्लॅस्टिकच्या क्युव्हेटमध्ये क्लोरोफॉर्म ओतला तर ती डोळ्यांदेखत धुरकट होते. कसं माहीत, विचारू नका. दुसरं म्हणजे क्लोरोफॉर्म हुंगायची वस्तू नाही. पूर्वी भूल द्यायला वापरायचे, यकृताचं वाटोळं करतो म्हणून सोडून दिला. फनेल हलवताना आत दाब साठतो, तो कॉक उघडून अधूनमधून सोडायचा, वाफा ओढून घेणाऱ्या हूडमध्ये, तोंडापासून लांब. वापरलेला क्लोरोफॉर्म बेसिनमध्ये नाही, वेगळ्या कॅनमध्ये. पाण्यातला साबण शोधायला निघून गटारात क्लोरोफॉर्म सोडणारा केमिस्ट मी पाहिलाय. नाव सांगत नाही.

रविवारी सकाळी थर्माकोलचा डबा, बर्फ आणि आम्लाने धुतलेल्या काचेच्या बाटल्या घेऊन निघाले. बागेत काढणी संपत आली होती, उरलेले घड कागदात गुंडाळलेले. मोटर दहा मिनिटं चालवून मग पाणी घेतलं. नाल्याचंही घेतलं. तिथे मामांना वाटत होतं की मी वरचा फेस बाटलीत गोळा करावा, "तोच तर पुरावा आहे." पण सर्फॅक्टंट पृष्ठभागावर गर्दी करतात. फेस भरला तर आकडा फुगून येतो आणि तो नाल्याचा नसतो, फेसाचा असतो. बाटलीचं तोंड पाण्याखाली बुडवून भरायचं. मामांना ते पटलं नाही.

फेसावरून आठवलं. पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्याखाली तपकिरी फेसाचे गोळे फिरतात, त्यांचे फोटो मला दरवर्षी येतात, खाली 'केमिकल!' असं लिहून. पाला-पाचोळा, माती, कुजलेल्या वनस्पती यांतूनही पाण्यात असे पदार्थ उतरतात की उंचावरून पडल्यावर फेस होतो. उलट नासर्डी नदीच्या एखाद्या संथ डोहात फेसाचा पत्ता नसतो आणि फनेल मात्र गडद निळी होते. त्यामुळे फेस बघून मत देणं मी सोडून दिलंय. आता सिंहस्थ तोंडावर आलाय, म्हणजे रामकुंडापासून तपोवनापर्यंतचे फोटो वाढणार.

युरोप-अमेरिकेत १९५० च्या दशकात नद्यांवर खरोखर डोंगराएवढा फेस साचायचा. तेव्हाच्या डिटर्जंटच्या शेपटीला फाटे होते आणि जिवाणूंना ते तोडता येत नव्हते. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, तो १९६४ मध्ये लागू झाला, अमेरिकेतल्या कंपन्या १९६५ मध्ये सरळ शेपटीच्या डिटर्जंटवर आल्या. आज आपल्या पावडरीत असतं ते हेच, एलएएस. हवा मिळाली तर जिवाणू ते बऱ्यापैकी फस्त करतात. मामांच्या बाबतीत ही गोष्ट पुढे कामाला आली.

सोमवारी मात्र मी माती खाल्ली.

मार्चअखेर जवळ आली होती. कंपन्यांचे रिपोर्ट तुंबलेले, फनेल सगळ्या गुंतलेल्या. मी मामांचं सॅम्पल झाकणाच्या छोट्या बाटलीत घेतलं, दहा मिलिलिटर, त्यात मेथिलीन ब्लू, थोडा क्लोरोफॉर्म, हलवलं, खालचा थर काढला, रीडिंग घेतलं. झटपट पद्धत. कारखान्याच्या सांडपाण्यात साधारण अंदाज घ्यायला ती चालते. विहिरीचा आकडा आला ०.४६ मिलिग्रॅम प्रति लिटर.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, म्हणतं ०.२ पर्यंत ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर १.० पर्यंत चालवून घ्या. म्हणजे मामांचं पाणी मर्यादेच्या दुपटीहून वर. मी फोन उचलला आणि त्यांना सांगूनही टाकलं. रिपोर्टवर सही व्हायच्या आधी पार्टीला आकडा सांगायचा नाही, हा माझाच नियम. पण पार्टी मामा होती.

संध्याकाळी घरी पोळ्या लाटताना ते पाणी डोळ्यांपुढे आलं. द्राक्षबाग. ठिबकमधून जाणारी खतं. वर्षानुवर्षं. आणि मी क्लोरोफॉर्म धुतलाच नव्हता.

या तपासणीच्या नावातच कबुली आहे. रिपोर्टवर 'साबण' असं येत नाही, 'ॲनायनिक डिटर्जंट, एमबीएएस म्हणून' असं येतं. एमबीएएस म्हणजे मेथिलीन ब्लूशी जोडी जमवणारे पदार्थ. कोणते, ते तो विचारत नाही. खतांतून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटवरही ऋण भार असतो, क्लोराइडवरही. ते भरपूर असतील तर मेथिलीन ब्लू त्यांच्याशीही जमवून घेतो आणि थोडा रंग खाली ओढला जातो. फक्त ही जोडी कच्ची. तिला शेपूट नाही, क्लोरोफॉर्ममध्ये पाय रोवायला काही नाही. म्हणून पूर्ण पद्धतीत निळा क्लोरोफॉर्म आम्लधर्मी फॉस्फेटच्या द्रावणाबरोबर पुन्हा हलवतात. कच्च्या जोड्या मोडून पाण्यात परत जातात, लांब शेपटीच्या खाली टिकतात. झटपट पद्धतीत मी नेमकी ही पायरी गाळली होती.

आणि मेथिलीन ब्लूला काय दिसत नाही, तेही तेवढंच मोठं. साध्या साबणाची वडी त्याला दिसत नाही, कारण तपासणीच्या आम्लात साबणाचं आम्ल होतं आणि भारच उरत नाही. रिठ्याचा फेस दिसत नाही, त्यात भार नसलेले सॅपोनिन. फवारणीत मामा औषध पानावर पसरावं म्हणून जे स्टिकर घालतात, त्यातले बहुतेक बिनभाराचे, तेही दिसत नाहीत. मामांनी स्टिकरचा अख्खा डबा विहिरीत उपडा केला असता, तरी माझा क्लोरोफॉर्म पाण्यासारखाच राहिला असता. त्यांच्यासाठी वेगळी तपासणी लागते, कोबाल्ट थायोसायनेटची. आणि केसांच्या कंडिशनरमधला धन भाराचा सर्फॅक्टंट पाण्यात असेल, तर तो ॲनायनिकला आधीच पकडून बसतो आणि आकडा खोटाच कमी येतो.

मंगळवारी सकाळी आठला लॅब उघडली. बाटली बर्फात घालून आणलेली आणि नंतर फ्रिजमध्ये, अठ्ठेचाळीस तास उलटायच्या आत. या वेळी अडीचशे मिलिलिटर, मोठ्या फनेलमध्ये. फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब, आधी अल्कली घालून गुलाबी, मग गुलाबी जाईपर्यंत आम्ल. तीन वेळा क्लोरोफॉर्म. तिन्ही अर्क एकत्र, फॉस्फेटच्या द्रावणाने धुऊन, काचेच्या लोकरीतून गाळून, शंभरच्या फ्लास्कमध्ये. धुताना वरचं पाणी फिकट निळं होत गेलं आणि मला रीडिंगच्या आधीच कळलं.

०.०९.

खात्रीसाठी उरलेल्या सॅम्पलमध्ये ठरावीक एलएएस मुद्दाम घालून पुन्हा केलं, घातलं तेवढं परत मिळालं. म्हणजे पद्धत ठीक, पाण्यात साबण जवळजवळ नाही. मग त्याच यंत्रावर नायट्रेट. तेही उजेडानेच, पण या वेळी डोळ्याला न दिसणारा, २२० नॅनोमीटरचा. सेंद्रिय पदार्थही तिथे उजेड गिळतात, म्हणून २७५ वर दुसरं रीडिंग घेऊन त्याची दुप्पट वजा करायची. उत्तर आलं ११२. मर्यादा ४५, आणि नायट्रेटला 'दुसरा स्रोत नसेल तर' वगैरे सवलत मानकात नाही.

नाल्याच्या सॅम्पलमध्ये साबण होता, ३.८. म्हणजे मामा अर्धे बरोबर होते. शेजारी नाल्यात साबण सोडतोय. पण चाळीस पावलांच्या मातीत तो काही कणांना चिकटला, काही जिवाणूंनी संपवला. विहिरीत उतरलं ते मामांनी स्वतः घातलेलं.

फोन लावायला मला अर्धा तास लागला. कालचा आकडा खोटा होता आणि चूक माझी होती, हे आधी सांगितलं. मामा काही बोलले नाहीत. मग नायट्रेट सांगितलं. ते म्हणाले, "खत सगळेच घालतात."

"मामा, पिल्लूला दूध कशात कालवतात?"

पिल्लू म्हणजे त्यांचा नातू, पाच महिन्यांचा. वरच्या दुधावर होता. मामी पावडर विहिरीच्याच पाण्यात कालवत होती, चांगलं वीस मिनिटं उकळून. उकळण्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतं, मग ते प्राणवायू वाहून नेत नाही. ओठ, नखं निळसर पडतात. त्यावर दवाखान्यात शिरेतून जे औषध देतात, ते मेथिलीन ब्लू. माझ्या टेबलावरच्या बाटलीत होतं तेच. मी बाटलीकडे बघत फोनवर बोलत होते.

पिल्लूला काही झालेलं नव्हतं. तरी मी मामीला फोन द्यायला लावला आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. डॉक्टरांनी ठीक आहे म्हटलं. साध्या कँडलच्या फिल्टरने किंवा यूव्हीने नायट्रेट जात नाही, आरओने जातं. तोवर बाळाचं पाणी गावातल्या आरओच्या जारमधून, हे मामीने विनातक्रार सुरू केलं. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी लॅबवर आले. आज हातात बाटली नव्हती, द्राक्षाची पेटी होती. रिपोर्ट वाचला. चष्मा वर करून नाल्याची ओळ दोनदा वाचली, ३.८ वर बोट ठेवलं. मग खाली विहिरीच्या ओळीवर आले आणि तिथे बोट थांबलं.

"ग्रामपंचायतीत हा लावायचाय मला. नाल्याचं एक पान, विहिरीचं एक पान, असं करता येईल का गं?"

"दोन सॅम्पल आहेत, दोन पानं करता येतील."

"मग नाल्याचंच दे."

मी नाल्याचं पान वेगळं छापलं, सही केली, शिक्का मारला. विहिरीचं पान घडी घालून द्राक्षाच्या रिकाम्या पेटीत ठेवलं आणि पेटी मामीला परत पाठवली.